पॅकेजनामांतील अंत्याक्षरे : लिनक्सवरील सॉफ्टवेअर-मोडतोडीच्या इतिहासाचे एक साधन

डेबियन या लिनक्स-प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात बसविलेल्या पॅकेजांची यादी काढली, तर तीत 'झेडलिब१जी' हे नाव बहुधा सापडतेच. झेडलिब ही माहिती आवळून साठविण्याच्या क्रियांची लायब्ररी होय, आणि १ हा तिचा आवृत्तिक्रमांक. शेवटचा 'जी' मात्र कोठून आला, याचा उलगडा नाव वाचून होत नाही. तो १९९७-९८ सालातला आहे. त्या सुमारास लिनक्सवरील सर्व सॉफ्टवेअर एका मूळ लायब्ररीवरून दुसरीवर हलविले जात होते. आणि नव्या लायब्ररीसाठी बांधलेली पॅकेजे जुन्यांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या नावांस हे अक्षर जोडण्यात आले. जुनी पॅकेजे केव्हाच नाहीशी झाली. ज्यापासून वेगळेपण दाखवावयाचे तेच उरले नाही, खूण तेवढी उरली. महाराष्ट्रातील गावांच्या नावांत 'बुद्रुक' आणि 'खुर्द' ही पदे अशीच टिकून आहेत. थोरला व धाकटा असा त्यांचा फारसी अर्थ. पुढे खुर्द गाव वाढून बुद्रुकापेक्षा मोठे झाले, तरी नाव पालटत नाही.

डेबियनच्या पॅकेजनामांत अशी अंत्याक्षरे मोठ्या प्रमाणावर निदान पाच वेळा आली. 'जी'नंतर २००२-०३ मध्ये 'सी१०२', २००५ मध्ये 'सी२', २०१५ मध्ये 'व्ही५' आणि २०२४ मध्ये 'टी६४'. प्रत्येक अंत्याक्षर एका संकटाची नोंद आहे. पॅकेजे अद्ययावत केली आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज चालेना, हा अनुभव युनिक्सवर्गीय प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाचा आहे. पण तो सहसा वैयक्तिक त्रास म्हणून सांगितला जातो व विसरला जातो. या अंत्याक्षरांमुळे त्याचा कालक्रम लावता येतो. मात्र या साधनास एक मोठी मर्यादा आहे. जी मोडतोड आधी ओळखता आली तिचीच नोंद नावात पडली. जी ओळखता आली नाही तिची खूण नाही, आणि सर्वांत अधिक हानी करणाऱ्या काही घटना याच दुसऱ्या वर्गातल्या आहेत.

या साऱ्याचे मूळ सामाईक लायब्ररीच्या कल्पनेत आहे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा आरंभ केला, तेव्हा आणि त्यानंतर बराच काळ प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याला लागणाऱ्या लायब्ररीचा भाग पोटातच घेऊन येत असे. अशा प्रोग्रॅमला शेजारी काय बदलले याच्याशी कर्तव्य नसे. पुढे खिडक्या-चित्रांचे प्रोग्रॅम आले, त्यांच्या लायब्रऱ्या अवजड होत्या, आणि प्रत्येक प्रोग्रॅमने आपली वेगळी प्रत बाळगणे डिस्कला व मेमरीला परवडेना. १९८८ मध्ये सन कंपनीच्या सनओएस ४.० या प्रणालीने लायब्ररीची एकच प्रत ठेवून चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती ऐन वेळी जोडून देण्याची व्यवस्था केली. जागा वाचली, शिवाय लायब्ररीतील दोष एका ठिकाणी दुरुस्त केला की तो सर्वत्र दुरुस्त होऊ लागला. परंतु त्याचबरोबर प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांची आयुष्ये वेगळी झाली. एक जुना राहून दुसरी नवी होऊ शकते, ही शक्यता त्या दिवशी जन्मास आली.

येथे दोन करारांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एक करार प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या मजकुराशी असतो: अमुक नावाची क्रिया आहे, तिला अमुक गोष्टी द्यावयाच्या. दुसरा यंत्रस्तरावरचा असतो: ती गोष्ट मेमरीत किती बाइट व्यापते, तिचे कोणते अंग कितव्या बाइटावर आहे, क्रियेचे अंतर्गत नाव काय. पहिला करार अबाधित असतानाही दुसरा मोडू शकतो. तारीख-वेळेचा आकडा चार बाइटांचा आठ बाइट झाला, तर लिहिलेल्या मजकुरात एक अक्षरही पालटावे लागणार नाही. पण आधी बांधून ठेवलेला प्रोग्रॅम चार बाइट वाचील व पुढच्या चारांस भलतेच काही समजेल. पाचही अंत्याक्षरे या दुसऱ्या कराराच्या भंगाची आहेत.

लिनक्सचा कर्नल १९९१ मध्ये लिनस टॉर्वल्ड्स यांनी प्रसृत केला. त्याच्या सामाईक लायब्रऱ्या आरंभी ए-आउट नावाच्या फाईलरचनेत होत्या. या पद्धतीत प्रत्येक लायब्ररीस मेमरीतील ठरावीक पत्ता आधीच नेमून द्यावा लागे. दोन लायब्रऱ्यांनी एकच पत्ता घेऊ नये म्हणून त्याची नोंद ठेवावी लागे. हे फार काळ चालणारे नव्हते. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह शाखेतून आलेली ईएलएफ ही रचना लिनक्सने १९९५ च्या सुमारास स्वीकारली, आणि पहिले मोठे स्थलांतर झाले. त्याची एक खूण डेबियनच्या आवृत्तिक्रमात आहे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी स्थापिलेल्या या प्रकल्पाची १.० ही आवृत्ती कधी निघालीच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये एका सीडी-विक्रेत्याने स्थलांतराच्या ऐन मध्यावर असलेली, अर्धवट ईएलएफमध्ये गेलेली विकासप्रत '१.०' म्हणून विकावयास काढली. ती धड सुरू होईल याचीही खात्री नव्हती. गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाने तो क्रमांकच वगळला, आणि जून १९९६ मध्ये ४७४ पॅकेजांनिशी १.१ प्रसिद्ध केली.

यानंतरचे स्थलांतर अधिक खोल होते. सी भाषेची मूळ लायब्ररी, जिच्यावाचून जवळजवळ कोणताही प्रोग्रॅम चालत नाही, ती लिनक्सकरांनी जीएनयू प्रकल्पाच्या लायब्ररीवरून घेऊन आपल्यापुरती वाढविली होती. तिची पाचवी पिढी 'लिबसी ५' या नावाने ओळखली जाई. दरम्यान जीएनयूची मूळ शाखाही पुढे गेली, आणि जानेवारी १९९७ मध्ये ग्लिबसी २.० प्रसिद्ध झाल्यावर लिनक्सच्या प्रणालींनी आपली शाखा सोडून तिच्याकडे परतावयाचे ठरविले. लिनक्सवर तिला 'लिबसी ६' हे नाव मिळाले. रेड हॅटने डिसेंबर १९९७ च्या ५.० आवृत्तीत व डेबियनने जुलै १९९८ च्या २.० आवृत्तीत हा बदल केला. डेबियनची पॅकेजे तोवर दीड हजारांच्या घरात गेली होती.

एकाच प्रोग्रॅममध्ये लिबसी ५ व लिबसी ६ एकत्र येणे घातक होते. म्हणून मधल्या प्रत्येक लायब्ररीच्या दोन प्रती कराव्या लागल्या. जुनी वेगळ्या निर्देशिकेत हलली, नवीला 'जी' लागला. झेडलिबचा 'जी' तो हाच. या व्यवस्थेमुळे जुने व नवे प्रोग्रॅम एका यंत्रावर शेजारी शेजारी नांदू शकले. तथापि ते नांदणे निर्वेध नव्हते. यंत्रावर कोण केव्हा आले-गेले याची नोंद यूटीएमपी व डब्ल्यूटीएमपी या फाइलींत राहते; त्या नोंदीचा आकार नव्या लायब्ररीत बदलला होता. जुना प्रोग्रॅम जुन्या मापाने लिही, नवा नव्या मापाने. आणि उपस्थितांची यादी मागितली की निरर्थक अक्षरे बाहेर पडत. लायब्रऱ्या वेगळ्या ठेवल्या तरी त्या ज्या फाइलीत लिहीत ती एकच होती, ही गोष्ट नावांच्या योजनेत बसली नव्हती.

त्या काळच्या प्रणाली-व्यवस्थापकास सर्वांत भय वाटे ते प्रत्यक्ष बदलाच्या क्षणाचे. 'लिबसी' हे ज्या नावाने शोधले जाते ते नाव म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखविणारी एक सिमलिंक असते. नवी लायब्ररी बसविताना हाताने काम करणारा मनुष्य सहजच आधी जुनी सिमलिंक काढी व मग नवी करू पाही. काढण्याची आज्ञा यशस्वी होई. पुढची आज्ञा मात्र चालत नसे. कारण सिमलिंक करणारा 'एलएन' हा प्रोग्रॅम स्वतःच लिबसीवर अवलंबून असतो, आणि ते नाव तर नुकतेच पुसले गेलेले. फाइलींची यादी देणारा प्रोग्रॅम चालेना, नक्कल करणारा चालेना, दुसऱ्या पडद्यावरून नव्याने प्रवेशही मिळेना. मेमरीत आधीच चालू असलेला शेल तेवढा जिवंत राही. त्याच्या अंगभूत आज्ञा चालत. म्हणून शहाणे लोक 'एको' आणि ताराचिन्ह यांच्या साहाय्याने फाइलींची नावे वाचीत. हाताखालचा शेल बंद न करणे, ही अशा वेळची पहिली दक्षता होती.

यावरचा उपाय मोठा गमतीचा पण मार्मिक आहे. ग्लिबसीसोबत 'एसएलएन' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम येऊ लागला. त्याचे काम एवढेच की सिमलिंक करणे. आणि तो आपली लायब्ररी जुन्या पद्धतीने पोटात घेऊन असे. लायब्ररी हरवली तरी तो चालणार, आणि तिचे नाव पुन्हा जागेवर लावणार. याच हेतूने कित्येक जण स्वयंपूर्ण बांधणीचा एक शेल यंत्रावर ठेवीत. डेबियनच्या बसवणीच्या फ्लॉपीत सर्व मूलभूत आज्ञा माव्यात म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी रचलेला बिझीबॉक्स हाही पुढे अशा प्रसंगी उपयोगी पडू लागला. फ्रीबीएसडीने २००४ च्या ५.२ आवृत्तीत मूळ आज्ञांसही सामाईक लायब्ररी जोडली, तेव्हा '/रेस्क्यू' या नावाची स्वतंत्र निर्देशिका करून आज्ञांच्या स्वयंपूर्ण प्रती तीत ठेवल्या. सामाईक लायब्ररीच्या युगातही प्रत्येक प्रणालीने जुन्या युनिक्सचा एक लहानसा तुकडा असा राखून ठेवलेला आढळतो.

दोषशोधनाची जी रीत आज रूढ आहे ती या काळात घडली. 'एलडीडी' ही आज्ञा सनच्या प्रणालीतून आली. कोणता प्रोग्रॅम कोणत्या लायब्रऱ्या मागतो व त्या सापडतात की नाही हे ती दाखविते. 'स्ट्रेस' कर्नलकडे गेलेली प्रत्येक मागणी नोंदविते, म्हणून प्रोग्रॅम कोणती फाईल कोठे शोधून निराश झाला हे कळते. 'एलडीकॉन्फिग' लायब्रऱ्यांची सूची नव्याने लिहितो. पॅकेजांच्या बाजूस इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिलेला डीपीकेजी कोणते पॅकेज कशावर अवलंबून आहे हे तपाशी. परंतु कोणते आधी व कोणते मागाहून बसवावे हे ठरविण्याचा भार बराचसा माणसावर होता. १.३ वरून २.० वर जाण्यासाठी हा क्रम सांभाळणारी एक स्वतंत्र स्क्रिप्ट लोकांस द्यावी लागली. हे काम आपोआप करणारे एपीटी मार्च १९९९ च्या २.१ आवृत्तीत आले. लिबसी ६ च्या स्थलांतरात जे हात पोळले त्यांच्या हाती ते उपकरण एका आवृत्तीने उशिरा पडले.

'लिबसी ६' हेच नाव पाव शतक उलटून गेल्यावरही चालू आहे. 'लिबसी ७' झालीच नाही. याचे कारण १९९९ च्या ग्लिबसी २.१ पासून प्रत्येक क्रियेस स्वतंत्र आवृत्तिचिन्ह मिळाले. कल्पना सनच्या सोलॅरिस प्रणालीतली होती. एखाद्या क्रियेचे वर्तन बदलावयाचे तर जुनी व नवी अशी दोन्ही रूपे एकाच लायब्ररीत राहतात, आणि ज्या प्रोग्रॅमची बांधणी ज्या काळची त्यास त्या काळचे रूप मिळते.

परंतु कराराचा भंग झाला आहे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न यंत्रणेने सुटत नाही. २०१० मधील मेमसीपीवायचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मेमरीचा एक भाग दुसरीकडे उतरवून घेणारी ही क्रिया. उगम व गंतव्य हे भाग एकमेकांवर येत असतील तर ती वापरू नये, असे मानकात स्पष्ट आहे. जुनी मेमसीपीवाय पुढून मागे उतरवी, म्हणून नियम मोडणाऱ्यांचेही बहुधा निभावून जाई. ६४ बिट यंत्रांसाठी केलेल्या अधिक वेगवान रूपात काही वेळा मागून पुढे उतरविणे सुरू झाले. फेडोरा १४ वर गेलेल्यांस फ्लॅश प्लेअरमधून ऐकू येणारा आवाज चिरका व फाटका झालेला आढळला. फ्लॅशने नियम मोडला होता यात शंका नव्हती. टॉर्वल्ड्स यांचा पक्ष असा की वापरणाऱ्याच्या दृष्टीने कालपर्यंत चालत होते ते आज चालत नाही, एवढेच खरे. नियम कोणी मोडला याचा त्याला उपयोग नाही. लायब्ररीकारांनी मानकाचा आधार घेतला. शेवटी २०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये मेमसीपीवायला नवे आवृत्तिचिन्ह देऊन जुन्या प्रोग्रॅमांस सुरक्षित वर्तन राखून ठेवण्यात आले. त्यातून उलट्या दिशेची एक अडचण निर्माण झाली: नव्या यंत्रावर बांधलेले प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर नेताच 'ग्लिबसी २.१४ सापडत नाही' अशी तक्रार करू लागले. पुढे अनेक वर्षे तो संदेश लोकांच्या परिचयाचा होता. फ्लॅश प्लेअरचा आधार २०२० अखेर संपला. त्याच्यासाठी केलेली सोय ग्लिबसीत अजून आहे.

सी प्लस प्लस भाषेच्या तीन अंत्याक्षरांचा इतिहास तुलनेने सरळ आहे. २००२ च्या जीसीसी ३.२ ने त्या भाषेचा यंत्रस्तरावरील करार बदलला. त्या कराराचा अंतर्गत क्रमांक १०२, म्हणून 'सी१०२'. २००५ मध्ये जीसीसी ४.० वर जाताना 'सी२' आले, आणि त्याच वर्षी मेमरी वाटून देण्याच्या पद्धतीत बदल झाल्यामुळे काही पॅकेजांचे 'सी२ए' झाले. जीसीसी ५ च्या वेळचे 'व्ही५' मात्र निराळ्या कारणाने आले. २०११ च्या भाषामानकाने मजकूर साठविण्याच्या मूळ प्रकाराची जुनी अंतर्गत रचना अग्राह्य ठरविली. लायब्ररीकारांनी या वेळी नवी लायब्ररी न काढता जुना व नवा प्रकार एकाच लायब्ररीत ठेवला. त्यामुळे मूळ लायब्ररीचे नाव तेच राहिले, पण तिच्यावर उभ्या असलेल्या शेकडो लायब्रऱ्यांच्या क्रियांची अंतर्गत नावे पालटली. २०१५ च्या उन्हाळ्यात डेबियनची विकासशाखा वापरणाऱ्यांना प्रोग्रॅम अर्धे जुने व अर्धे नवे झाल्याचा अनुभव आला, आणि एपीटी कधी कधी निम्मी प्रणाली काढून टाकण्याची परवानगी मागे. अशा वेळी 'हो' न म्हणता काही दिवस थांबणे हाच उत्तम उपाय होता.

'टी६४' हे अंत्याक्षर १९ जानेवारी २०३८ या दिवसाकडे पाहून लावलेले आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजले, तर तो आकडा त्या दिवशी संपतो. डेबियनने २०२४ च्या आरंभी वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला. गरज ३२ बिट यंत्रांची, त्यातही मुख्यतः एआरएमची होती. परंतु डेबियनमध्ये पॅकेजाचे नाव सर्व यंत्रप्रकारांस एकच असते. म्हणून ज्या ६४ बिट संगणकांवर काहीच बदलले नाही तेथेही नावे बदलली. उलट जुना ३२ बिट पीसी, जेथे बदल लागू पडला असता, तो हेतुतः वगळला. कारण त्यावर जुने, पुन्हा न बांधता येणारे प्रोग्रॅम चालविणे हाच आता त्याचा मुख्य उपयोग राहिला आहे. परिणामी एप्रिल २०२४ च्या उबुंटू २४.०४ वर ध्वनीची 'लिबएसाउंड२' ही लायब्ररी जुन्या सूचनांप्रमाणे मागणाऱ्यास ती मिळेना. ते नाव आता दोन भिन्न पॅकेजे पुरवीत होती, आणि कोणते हवे ते वापरणाऱ्याने सांगावयाचे होते. करार न मोडताच नुसत्या खुणेने झालेली ही मोडतोड आहे.

आता खूण नसलेल्या घटनेकडे वळले पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ प्रसिद्ध झाली. तिच्यात निरनिराळ्या भाषांतील शब्दांचा वर्णानुक्रम ठरविणाऱ्या तक्त्यांचे आंतरराष्ट्रीय मानकास धरून नूतनीकरण झाले. क्रियांची नावे तीच, मापे तीच, लायब्ररीचे नाव 'लिबसी ६' हेच. अमेरिकी इंग्रजीच्या क्रमाने '१-१' आणि '११' ही दोन पदे लावावयास सांगितली, तर पूर्वी '११' आधी येई, २.२८ पासून '१-१' आधी येऊ लागले. डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ या २०१९ च्या आवृत्त्यांतून हा बदल सर्वदूर गेला.

पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या प्रणालीत मजकुराची सूची याच क्रमाने लावून डिस्कवर ठेवलेली असते. ग्रंथालयातील कार्डे एका क्रमाने लावावी आणि दुसऱ्या दिवशी शोधणाऱ्याने वेगळ्या क्रमाची समजूत घेऊन यावे, तसे झाले. जुन्या क्रमाने लावलेल्या सूचीत नव्या क्रमाने शोध घेतला की असलेली नोंद 'नाही' म्हणून सांगितली जाई. 'नाही' म्हटल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदा करता येई, आणि एकच असावयाची गोष्ट दोनदा नांदे. यात कोठेही प्रोग्रॅम बंद पडत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, एलडीडी सर्व लायब्रऱ्या सापडल्याचे सांगते. अद्ययावत केल्यानंतर काही महिन्यांनी दुहेरी नोंद दृष्टीस पडे, तोवर तिच्या आधारे पुढचे व्यवहार झालेले असत. सूची नव्याने बांधणे हा उपाय सोपा आहे. दुहेरी नोंदींतील खरी कोणती हे ठरविणे सोपे नाही.

पोस्टग्रेसने वर्णानुक्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवण्याचा मार्ग धरला. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत हे आयसीयू या दुसऱ्या लायब्ररीपुरते होते. २०२० च्या तेराव्या आवृत्तीत ग्लिबसीच्या क्रमासही लागू झाले, आणि २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत संपूर्ण माहितीकोशाच्या मूळ क्रमास. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत प्रणालीच्या लायब्ररीवर मुळीच न विसंबणारा, पोस्टग्रेसच्या पोटातलाच एक क्रम उपलब्ध झाला. एसएलएन लिहिणाऱ्यांनी लायब्ररी पोटात घेतली होती ती याच कारणासाठी. ग्लिबसी २.२८ आणि तिच्या आधीच्या आवृत्त्या यांच्या पॅकेजाचे नाव मात्र डेबियनमध्ये सारखेच आहे, 'लिबसी६', आणि त्याला कोणतेही अंत्याक्षर जोडलेले नाही.